आधी मासा, मग रेषा

उत्तर नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर जानेवारी ते एप्रिल हे चार महिने म्हणजे वर्षभराची कमाई. बॅरेंट्स समुद्रात खाऊन-पिऊन पोसलेला मोठा कॉड मासा या काळात शेकडो मैल पोहून अंडी घालायला इथे येतो. नॉर्वेजियन लोक त्याला ‘स्क्रेई’ म्हणतात. लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात तो सुकवायचा आणि दक्षिण युरोपात विकायचा, हा धंदा हजारेक वर्षे जुना. गोव्यातल्या काही घरांना पोर्तुगीज काळापासून ठाऊक असलेला ‘बाकाल्याव’ म्हणजेही खारवून सुकवलेला कॉडच.

अंडी घालून झाली की मोठा मासा परत फिरतो. अंडी आणि पिल्ले मात्र प्रवाहाच्या हवाली होतात. किनाऱ्याला समांतर वाहणारा कोमट प्रवाह त्यांना उत्तरेकडे आणि मग पूर्वेकडे नेतो, आणि शरद ऋतूत ती पिल्ले बॅरेंट्स समुद्राच्या उथळ, गार भागात तळाशी स्थिरावतात. त्यांतली बरीचशी रशियाच्या बाजूला वाढतात. थोडी मोठी झाली की पश्चिमेकडे सरकू लागतात. थोडक्यात, हा मासा जन्माने नॉर्वेजियन, बालपणाने बऱ्याच अंशी रशियन आणि वयात आल्यावर पुन्हा नॉर्वेजियन. एका देशाने पिल्ले ओरबाडली तर दुसऱ्याच्या जाळ्यात पुढे काही येणार नाही. दुसऱ्याने अंडी घालणारी मादी संपवली तर पहिल्याकडे पिल्लेच पोहोचणार नाहीत. गेल्या पन्नास वर्षांचे राजकारण या साध्या जीवशास्त्राभोवती फिरले.

शेजारीही कसे, तर नॉर्वे हा ‘नाटो’चा संस्थापक सदस्य आणि पलीकडे सोव्हिएत संघ. दोघांची जमिनीवरची सीमा दोनशे किलोमीटरही भरत नाही, पण तिच्या पूर्वेला कोला द्वीपकल्प आहे. तिथे मुरमान्स्क बंदर, शेजारी सेव्हेरोमोर्स्क इथे सोव्हिएत उत्तरी नौदलाचे मुख्यालय आणि त्यांच्या अणुपाणबुड्यांचे तळ. या पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरायचे तर बॅरेंट्स समुद्रातूनच जावे लागे. मासेमारीचे ट्रॉलर आणि पाणबुड्या एकाच पाण्यात वावरत होत्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडचा समुद्र सगळ्यांचा होता. बॅरेंट्समध्ये नॉर्वेजियन आणि सोव्हिएत बोटींबरोबर ब्रिटिश, जर्मन, फ्रेंच ट्रॉलरही येत. 1974 साली या एका साठ्यातून अकरा लाख टनांच्या आसपास कॉड काढला गेला. हे किती दिवस चालणार, असा प्रश्न शास्त्रज्ञ विचारत होते, पण ऐकायला कोणी बांधील नव्हते. त्याच सुमारास हवा बदलली. आइसलँडने आधी 50 आणि मग 200 मैलांपर्यंतचे पाणी आपले म्हणून जाहीर केले आणि ब्रिटिश ट्रॉलर हुसकून लावले. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेतही 200 मैलांच्या आर्थिक क्षेत्राची कल्पना मूळ धरू लागली होती. उद्या समुद्राची वाटणी होणार हे ज्यांनी लवकर ओळखले, त्यांत नॉर्वेचे येन्स एवेन्सेन हे एक. मूळचे कायदेपंडित. या वाटाघाटींसाठी नॉर्वेने खास सागरी कायदा मंत्री हे पदच निर्माण केले आणि त्यावर त्यांना बसवले. मॉस्कोत त्यांच्यासमोर होते अलेक्सांद्र इश्कोव्ह, स्टालिनच्या काळापासून मत्स्यखाते सांभाळणारे मुरब्बी मंत्री.

एप्रिल 1975 मध्ये मॉस्कोत करार झाला आणि संयुक्त मत्स्य आयोग स्थापन झाला. जानेवारी 1976 मध्ये त्याची पहिली बैठक भरली. आयोगाचे काम कागदावर सोपे होते: दरवर्षी भेटायचे, पुढच्या वर्षी एकूण किती मासा काढायचा ते ठरवायचे, इतर देशांसाठी थोडा बाजूला काढायचा आणि उरलेला वाटून घ्यायचा. कॉड आणि हॅडॉक मासा निम्मा-निम्मा. पुढे कॅपेलिन या छोट्या माशाची वाटणीही ठरली: नॉर्वेला 60 टक्के, सोव्हिएत संघाला 40. पूर्ण वाढलेला कॉड बहुतांशी नॉर्वेच्या पाण्यात सापडत असताना नॉर्वेने निम्म्यावर समाधान का मानले, असा प्रश्न नंतर अनेकदा विचारला गेला. त्याचे उत्तर राजकीय आहे. निम्मा-निम्मा हा आकडा दोन्ही राजधान्यांत कोणालाही समजावून सांगता येत होता, आणि एकदा ठरल्यावर त्यावर दरवर्षी भांडायचे कारण उरत नव्हते. ही वाटणी आजही तशीच आहे.

खरी हुशारी मात्र दुसऱ्याच कलमात होती. 1977 च्या सुरुवातीला दोन्ही देशांनी आपापली 200 मैलांची क्षेत्रे लागू केली, तरी एकमेकांच्या क्षेत्रात जाऊन आपला वाटा पकडायची मुभा दोघांनी परस्परांना दिली. सोव्हिएत ट्रॉलरांना पूर्वेकडची छोटी पिल्ले ओढण्याची गरज राहिली नाही. तेच टन नॉर्वेच्या पाण्यात मोठ्या माशांच्या रूपाने मिळू लागले. एक टन भरायला लहान मासे कितीतरी जास्त लागतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचे पुढचे वजन व पुढची अंडी बुडतात. म्हणजे शेजाऱ्याला आपल्या दारात बोलावण्यात नॉर्वेचाच फायदा होता. तहाची कलमे लिहिणाऱ्यांना माशाचे वय कळते, असे क्वचितच घडते. इथे ते घडले.

देवघेवीला आणखी एक गमतीदार अंग होते. सोव्हिएत नियोजन टनांत मोजत असे, किमतीत नव्हे. त्यामुळे ऐंशीच्या दशकात सोव्हिएत बाजू आपल्या वाट्यातला महागडा कॉड नॉर्वेला देई आणि बदल्यात ब्लू व्हाइटिंगसारखा स्वस्त मासा भरपूर घेई. मुरमान्स्कचे वार्षिक लक्ष्य पुरे होई, नॉर्वेजियन मच्छीमारांचा खिसा भरे. गैर हॉन्नेलान हे नॉर्वेजियन अभ्यासक तरुणपणी तटरक्षक दलात रशियन भाषेचे दुभाषी होते. पुढे त्यांनी या आयोगाच्या कारभारावर सविस्तर लिहिले. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांचे बोलणे कोणत्या चौकटीत ऐकतात, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय.

मासा वाटला गेला, पण समुद्राची सीमा ठरलेली नव्हती. नॉर्वेचे म्हणणे, दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावर मध्यरेषा ओढावी. सोव्हिएत संघ 1926 च्या स्वतःच्या फर्मानाकडे बोट दाखवी. त्यात मुख्य भूमीपासून उत्तर ध्रुवाकडे, रेखावृत्ताला धरून रेषा ओढलेली होती. शिवाय कोलाची मोठी लोकसंख्या आणि तिथले लष्करी महत्त्व ही ‘विशेष परिस्थिती’ मोजावी असाही त्यांचा आग्रह होता. या दोन रेषांमधला वादग्रस्त टापू होता सुमारे 1,75,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. खाली तेल आणि वायू असण्याची दाट शक्यता, वर मासे.

सीमा ठरेपर्यंत मासेमारी थांबवणे शक्य नव्हते, आणि थांबवली नाही तर कोणाची गस्त कोणाला पकडणार? कच्छच्या रणाजवळ सर क्रीकची सीमा न ठरल्याने गुजरातच्या बोटींवरचे पालघरचे खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात, तोच धोका इथे होता, फक्त दोन्हीकडे अण्वस्त्रे बाळगणाऱ्या आघाड्या होत्या. 11 जानेवारी 1978 रोजी यावर तात्पुरता तोडगा निघाला. दक्षिणेकडे जिथे मासेमारी दाट होती, तिथे 67,500 चौरस किलोमीटरचा एक ‘करडा पट्टा’ आखण्यात आला. नियम एकच: या पट्ट्यात प्रत्येक देशाने फक्त आपल्या बोटी आणि आपण परवाना दिलेल्या तिसऱ्या देशांच्या बोटी तपासायच्या. दुसऱ्याच्या बोटीला हात लावायचा नाही. सीमेबाबत कोणाचाही दावा यामुळे सुटत नाही, हेही स्पष्ट लिहिले गेले. करार एका वर्षाचा होता. दरवर्षी त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि ‘तात्पुरती’ व्यवस्था तीन दशकांहून अधिक चालली.

ऑस्लोत मात्र यावर वादळ उठले. करड्या पट्ट्यात नॉर्वेचे निर्विवाद पाणी सुमारे 23,000 चौरस किलोमीटर आणि सोव्हिएतांचे जेमतेम 3,000. एवेन्सेन यांनी घाई केली, मोठ्या शेजाऱ्यापुढे नमते घेतले, अशी टीका संसदेत आणि वर्तमानपत्रांत झाली. सहा वर्षांनी या टीकेला भलतीच धार चढली. एवेन्सेन यांचे तरुण सहकारी आर्ने त्रेहोल्ट वाटाघाटींच्या काळात त्यांच्याच खात्यात राज्यसचिव होते. 20 जानेवारी 1984 रोजी ऑस्लोच्या फोर्नेबू विमानतळावर व्हिएन्नाला निघालेल्या त्रेहोल्ट यांना अटक झाली. ते केजीबीसाठी हेरगिरी करत होते, असा आरोप होता. पुढच्या वर्षी त्यांना 20 वर्षांची शिक्षा झाली. नॉर्वेचे पत्ते मॉस्कोला आधीच दिसत होते का, ही शंका करड्या पट्ट्याला कायमची चिकटली. तरीही पट्टा रद्द झाला नाही. ज्या पक्षांनी विरोधात असताना त्यावर झोड उठवली, त्यांनीही सत्तेत आल्यावर मुदतवाढीवर सही केली. शंकास्पद करारसुद्धा नसलेल्या करारापेक्षा बरा, असा हा व्यवहार होता.

मग निसर्गाने हिसका दिला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात कॅपेलिनचा साठा कोसळला. कॅपेलिन हे कॉडचे मुख्य अन्न. 1983 ला जन्मलेली कॉडची भरघोस पिढी नेमकी वाढत होती आणि तिच्या तोंडचा घास गेला. मासा खंगला, एकमेकांना खाऊ लागला. 1987 मध्ये उपाशी सील हजारोंच्या संख्येने नॉर्वेच्या किनाऱ्याकडे आले आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकून बुडाले. आयोगाने शास्त्रज्ञांच्या आशावादी अंदाजांवर कोटा ठरवला होता. ते अंदाज फसले. 18 एप्रिल 1989 रोजी नॉर्वेने आपली किनारी कॉड मासेमारी मध्येच बंद केली. पुढच्या वर्षी नॉर्वेचा कोटा 1,13,000 टनांवर आला. कोणीही होडी काढावी आणि लोफोटेनला जावे, ही शतकांची रीत संपली. प्रत्येक बोटीला ठरावीक वाटा, ही पद्धत आली आणि ती कायम राहिली. उत्तर नॉर्वेतल्या लहान बोटीवाल्यांच्या मनात ही तारीख आजही टोचते.

सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा मासा सावरत होता, माणसे मात्र सैरभैर झाली होती. रशियन ट्रॉलर मुरमान्स्कला मासा उतरवण्याऐवजी नॉर्वेच्या बंदरांत उतरवू लागले, कारण तिथे परकीय चलन हाती पडे. सीमेजवळच्या किर्केनेस गावात रस्त्यांच्या पाट्यांवर रशियन लिपी आली. नॉर्वेच्या मासळी कारखान्यांना कच्चा माल मिळाला, पण मॉस्कोला मात्र आपल्या बोटी नेमके किती पकडतात हे कळेनासे झाले.

त्यात नवा पाहुणा आला. दोन्ही देशांच्या 200 मैलांच्या क्षेत्रांमध्ये आंतरराष्ट्रीय पाण्याचा एक तुकडा उरतो. नॉर्वेजियन भाषेत त्याला ‘पळवाट’ म्हणतात. 1993 पासून आइसलँडचे ट्रॉलर तिथे आणि शेजारच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या पाण्यात कॉड ओढू लागले. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी ब्रिटिशांना हेच करू दिले नव्हते, तेच आता ‘समुद्र सर्वांचा’ म्हणत होते. ऑगस्ट 1994 मध्ये नॉर्वेच्या तटरक्षक जहाजाने एका आइसलँडी ट्रॉलरवर गोळीबारही केला. शेवटी मे 1999 मध्ये सेंट पीटर्सबर्गला तिन्ही देशांचा करार झाला. आइसलँडला बॅरेंट्समधला छोटा कोटा मिळाला, बदल्यात त्याने पळवाटेतून माघार घेतली. नॉर्वे आणि रशिया या वादात एका बाजूला बसले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आयोगाचा सर्वांत कमकुवत काळ याच्या आगेमागे येतो. 2000 सालासाठी शास्त्रज्ञांनी 1,10,000 टनांचा सल्ला दिला होता. आयोगाने ठरवले 3,90,000. रशियन बाजूला नॉर्वेजियन शास्त्रज्ञांचा हेतू संशयास्पद वाटे. भाव चढे ठेवण्यासाठी पश्चिमेचे लोक मुद्दाम मासा कमी सांगतात, असे मुरमान्स्कच्या वर्तमानपत्रांतून येई. कराराच्या टेबलावर आकडा फुगत होता आणि समुद्रात त्याहून अधिक मासा काढला जात होता. भर समुद्रात ट्रॉलरवरून शीतगृह-जहाजावर माल चढवायचा आणि युरोपातल्या दूरच्या बंदरात कागदपत्रांशिवाय उतरवायचा, अशी पद्धत पडली. नॉर्वेच्या मत्स्य संचालनालयाच्या अंदाजानुसार 2005 मध्ये असा चोरटा मासा एक लाख टनांहून अधिक होता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘एलेक्ट्रॉन’ नावाच्या रशियन ट्रॉलरवर स्वालबार्डच्या पाण्यात दोन नॉर्वेजियन निरीक्षक चढले. जाळ्याच्या आसाचे माप नियमात बसत नव्हते. ट्रॉलरला ट्रॉम्सो बंदरात नेण्याचा हुकूम झाला. वाटेत कप्तानाने अचानक तोंड फिरवले आणि निरीक्षकांसकट मुरमान्स्ककडे पळ काढला. मागे नॉर्वेचे तटरक्षक जहाज, वर हेलिकॉप्टर, भोवती वादळ. काही दिवस हा पाठलाग जगभरच्या वाहिन्यांनी दाखवला. रशियन हद्दीत शिरल्यावर दोन्ही निरीक्षकांना रशियन युद्धनौकेने सुखरूप उतरवून घेतले आणि परत पाठवले. स्वालबार्डच्या पाण्यात नॉर्वेचा अधिकार रशिया पूर्णपणे मानत नाही, त्यामुळे हे प्रकरण चिघळवता आले असते. मॉस्कोने ते एका कप्तानाचा गुन्हा म्हणून हाताळले, ऑस्लोनेही आवाज वाढवला नाही. कप्तानावर रशियातच खटला चालला.

दुरुस्ती झाली ती गाजावाजा न करता. आयोगाने 2002 मध्ये कोट्याचे एक सूत्र स्वीकारले: पुढच्या तीन वर्षांच्या अंदाजांची सरासरी घ्यायची आणि एका वर्षात वाढ-घट दहा टक्क्यांहून जास्त होऊ द्यायची नाही. म्हणजे दरसाल घासाघीस करायला जागाच कमी. मे 2007 पासून ईशान्य अटलांटिकच्या मत्स्य आयोगातल्या सर्व सदस्य देशांनी बंदरांवर नवी तपासणी लावली: बोटीच्या देशाने कोट्याची खातरजमा केल्याशिवाय गोठवलेला मासा उतरवायचा नाही. दोन-तीन वर्षांत चोरटी मासेमारी जवळपास थांबली. 2011 पासून जाळ्याचा आस दोन्हीकडे 130 मिलिमीटर आणि पकडायच्या कॉडची किमान लांबी 44 सेंटीमीटर झाली. त्याआधी रशियाचे माप लहान आणि नॉर्वेचे मोठे होते. दोघांनी मध्य गाठला. साठा वाढत गेला आणि 2013 चा कोटा दहा लाख टनांवर पोहोचला. कॅनडाचा न्यूफाउंडलंडचा कॉड 1992 मध्ये कोसळला होता. बॅरेंट्सचा कॉड आता जगातला सर्वांत मोठा कॉड साठा होता.

सीमारेषा जुळून आली ती याच चांगल्या दिवसांत. 27 एप्रिल 2010 रोजी ऑस्लोत रशियाचे अध्यक्ष मेदवेदेव आणि नॉर्वेचे पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी सहमती झाल्याची घोषणा केली तेव्हा पत्रकारही चकित झाले. 15 सप्टेंबरला मुरमान्स्कमध्ये परराष्ट्रमंत्री योनास गार स्तोरे आणि सेर्गेई लावरोव्ह यांनी करारावर सह्या केल्या. चाळीस वर्षांच्या वादानंतर टापू जवळपास निम्मा-निम्मा वाटला गेला. 7 जुलै 2011 पासून करार लागू झाला आणि करडा पट्टा संपला. संयुक्त आयोग आणि माशांची वाटणी मात्र जशीच्या तशी पुढे चालेल, असे करारात मुद्दाम नमूद केले होते. मुरमान्स्कच्या काही मच्छीमार संघटनांना हा करार रशियाला महाग पडला असे वाटले. ऑस्लोत 1978 मध्ये जे ऐकू आले होते, त्याचाच हा उलट आवाज.

क्रिमिया बळकावल्यानंतर, 2014 मध्ये, रशियाने नॉर्वेच्या मासळीची आयात बंद केली. आयोगाची बैठक त्याही वर्षी झाली. 2022 मध्ये युक्रेनवर पूर्ण आक्रमण झाल्यावर समुद्रसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रशियन शास्त्रज्ञांचा सहभाग स्थगित केला, तेव्हा साठ्याचा अंदाज बांधण्याचे काम दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांच्या छोट्या गटाने स्वतंत्रपणे सुरू ठेवले. नॉर्वेने रशियन मासेमारी बोटींना किर्केनेस, बोट्सफ्योर्द आणि ट्रॉम्सो या तीनच बंदरांत प्रवेश ठेवला आणि तपासणी कडक केली. आयोगाची बोलणी संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागली. युरोपने बाकी बहुतेक दारे बंद केली, तरी हे एक अर्धवट उघडे राहिले.

मासा मात्र पुन्हा घटतो आहे. 2024 चा कोटा 4,53,427 टन होता. 2025 साठी तो 3,40,000 टनांवर आणावा लागला, तोपर्यंत 1991 नंतरचा सर्वांत कमी. त्यातच 2025 च्या उन्हाळ्यात नॉर्वेने दोन मोठ्या रशियन मासेमारी कंपन्यांवर निर्बंध घातले. त्यांच्या बोटी पाण्याखालच्या केबलांवर नजर ठेवतात, असा युरोपीय महासंघाचा संशय होता. मॉस्कोने करारातून बाहेर पडण्याची धमकी दिली. उद्या तसे झालेच तर रशियन ट्रॉलरांना आपल्याच क्षेत्रात मासे पकडावे लागतील, आणि तिथे मुख्यतः कॉडची पिल्ले असतात. ती ओढली गेली तर काही वर्षांत लोफोटेनला येणारा मासा घटेल आणि त्यापुढच्या काही वर्षांत मुरमान्स्कचाही. हा हिशेब इश्कोव्ह आणि एवेन्सेन यांनी 1976 मध्ये मांडला होता. त्यानंतर दोन्हीकडची सरकारे अनेकदा बदलली, एक तर अख्खा देशच बदलला, पण त्या हिशेबातली पिल्ले अजून पूर्वेलाच वाढतात.